भूकंपामागून येणारा नकाशा

भूकंपात टिकाव धरतील अशा इमारती कशा बांधाव्यात यासंबंधीची पहिली भारतीय संहिता १९६२ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा तिला जोडलेल्या नकाशात देशाचे शून्यापासून सहापर्यंत सात विभाग पाडलेले होते. आणि हिमालयाची रांग, आसाम, उत्तर बिहार व कच्छ यांच्या वाट्याला वरचे आकडे देऊन झाल्यावर दख्खनचा जो विस्तीर्ण मुलूख शिल्लक राहिला, त्याला शून्य किंवा शून्यालगतचा आकडा देताना कोणाचा हात अडखळला असेल असे वाटत नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचून थिजलेल्या लाव्हाचे हे पठार, त्याच्या बुडाशी त्याहून कितीतरी प्राचीन असा ग्रॅनाइटी पाया, आणि सरकारी दप्तरात संहारक म्हणावा अशा भूकंपाचा दाखला नाही. एवढ्या पुराव्यावर कोणताही सुज्ञ अधिकारी याहून निराळा निर्णय देता ना. उणीव होती ती पुराव्याच्या मुदतीत. दोन-तीनशे वर्षांचे कागद चाळून ज्या भूमीविषयी मत बनवले गेले, त्या भूमीत एका मोठ्या भूकंपानंतर दुसरा यायला काही हजार वर्षे लागू शकतात, ही गोष्ट त्या काळी पुरती ध्यानात आलेली नव्हती.

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी कोयनानगर कोसळले. रिश्टर मापनाप्रमाणे ६.३ एवढ्या तीव्रतेच्या त्या धक्क्याने सुमारे दोनशे माणसे दगावली, मुंबईचा वीजपुरवठा खंडित झाला, आणि १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणाच्या वरच्या भागात तडे गेले. धरणाच्या अंतर्भागात बसवलेल्या यंत्राने त्या क्षणी जो आलेख टिपला, त्यात जमिनीच्या त्वरणाचे शिखर गुरुत्वीय त्वरणाच्या ०.६३ पट होते. धरणाचा आराखडा करताना मात्र ०.०५ हा आकडा धरलेला होता. या दोन आकड्यांची सरळ तुलना करणे शास्त्रदृष्ट्या काटेकोर नव्हे, कारण आराखड्यातला गुणांक आणि प्रत्यक्ष त्वरणाचे क्षणिक शिखर या भिन्न जातीच्या राशी आहेत. तथापि आपल्या अंदाजात आणि भूमीच्या वर्तनात केवढी तफावत होती, याची कल्पना येण्यास त्या पुरेशा आहेत. पुढे जगभरच्या धरण-अभियंत्यांनी आपापले आराखडे पारखून घेण्यासाठी कोयनेचा तो आलेख वापरला, हा त्या दुर्घटनेतून लाभलेला एक अनपेक्षित वारसा होय.

कोयनेचे रहस्य जलाशयात होते. शिवाजीसागरात पाणी साठू लागल्यावर लौकरच आसपासच्या गावांना लहानलहान हादरे जाणवू लागले होते, आणि डॉ. हर्ष गुप्ता यांच्यासारख्या संशोधकांनी पुढील अनेक दशके त्या हादऱ्यांचा पाण्याच्या पातळीशी जो मेळ घालून पाहिला, त्यातून असे दिसून आले की पावसाळ्यात जलाशय भरत आला म्हणजे त्यानंतरच्या महिन्यांत कंपने वाढतात. आणि भरण्याचा वेग आठवड्याला बारा मीटरांच्या घरात गेला, किंवा पाणी पूर्वीच्या कमाल पातळीच्या वर चढले, म्हणजे मोठ्या धक्क्याची शक्यता अधिक होते. जवळजवळ शंभर टीएमसी पाण्याच्या भाराने जमीन फाटते, असा जो लौकिक समज आहे तो मात्र खरा नव्हे. पाणी खडकांच्या सूक्ष्म फटींतून खोल झिरपते, तेथील दाब वाढवते, आणि जे दोन पृष्ठभाग घर्षणाच्या बळावर परस्परांना घट्ट धरून बसलेले असतात त्यांची पकड सैल करते. सरकण्याचा ताण त्या पृष्ठभागांमधल्या भेगेत, म्हणजे भ्रंशात, आधीच साठलेला असावा लागतो. म्हणूनच जगात मोठी धरणे हजारोंनी असताना कोयनेसारखी गोष्ट फार थोड्या ठिकाणी घडली, आणि जलाशयामुळे चाळवल्या गेलेल्या भूकंपांत कोयनेचा तो धक्का आजही सर्वांत मोठा गणला जातो. १९८५ पासून दक्षिणेस वारणेच्या जलाशयात पाणी साठू लागले, आणि काही वर्षांत कंपनांचे क्षेत्रही त्या दिशेला विस्तारले.

१९७० साली नकाशात फेरफार झाला. शून्य विभाग रद्द झाला, सातांचे पाच विभाग झाले, आणि कोयनेचा परिसर वरच्या श्रेणीत गेला. लातूर मात्र सर्वांत खालच्या पहिल्या विभागातच राहिले.

त्यानंतरची हकिगत महाराष्ट्राला ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर गावे नुकतीच निजली असता, पहाटे चारच्या सुमारास लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीचा भूकंप झाला आणि सरकारी हिशेबाप्रमाणे जवळजवळ आठ हजार माणसे गेली. आदल्या वर्षी त्याच गावाला लहान धक्के बसले होते आणि जमिनीखालची गुरगुर लोकांनी ऐकली होती. परंतु अशा गुरगुरीनंतर बहुतेक ठिकाणी काहीच घडत नाही, त्यामुळे मागाहून तिला इशारा म्हणणे जितके सोपे तितकेच ते तेव्हा ओळखणे अवघड होते. भूकंपाची तीव्रता हिमालयातल्या मोठ्या धक्क्यांच्या मानाने मध्यमच होती. पण त्याची नाभी दहा किलोमीटरांहूनही कमी खोल होती, आणि वर जी घरे उभी होती त्यांची रचना पाहिली म्हणजे उरलेला उलगडा होतो. मराठवाड्यातल्या त्या घरांची भिंत दोन-अडीच फूट, कित्येक ठिकाणी त्याहूनही जाड. आतून एक आणि बाहेरून एक असे दगडांचे दोन पदर, मधली पोकळी खडीगोट्यांनी आणि मातीने भरलेली, आणि दोन्ही पदरांना सांधणारा आरपार दगड नाही. वर तुळयांवर टाकलेले माळवद, ज्याच्यावर पाऊस गळू नये म्हणून वर्षानुवर्षे मातीचे थर चढवलेले. उन्हाळ्यात शीतल आणि हिवाळ्यात उबदार असे हे घर हवामानाच्या दृष्टीने शहाणपणाचेच होते. जमीन हलताच मात्र भिंतीचे दोन पदर एकमेकांपासून सुटून दोन दिशांना कोसळले, आणि कित्येक टन मातीचे छप्पर निजलेल्या माणसांवर आले.

किल्लारीच्या पश्चिमेकडील शेतांत जमीन अर्ध्या मीटरच्या आसपास उचलली जाऊन एक बुटका, तुटक बांध उमटला होता. एखाद्या नांगरटीने नाहीसा व्हावा एवढीच त्याची मातब्बरी; परंतु भूशास्त्रज्ञांच्या दृष्टीने तो एक दस्तऐवज होता. सी. पी. राजेंद्रन, कुशला राजेंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे चर खोदून भूस्तरांची पाहणी केली. या कामाची रीत साधी, पण चिकाटी मागणारी असते. भ्रंशाला आडवा असा खोल चर खणून त्याच्या भिंती खरवडून साफ करतात, त्यांवर खिळे ठोकून आणि दोऱ्या ताणून चौकटी आखतात, आणि प्रत्येक चौकटीतला वाळूचा, गाळाचा, मातीचा थर कोठून कोठे गेला व कोठे तुटला हे कागदावर उतरवून घेतात. वरचा थर थोडा सरकलेला आणि खालचा त्याहून अधिक सरकलेला आढळला, तर तेथे पूर्वीही भूकंप झाला होता असे अनुमान निघते. आणि थरांत सापडलेल्या कोळशाच्या कणावरून किंवा वाळूत साठलेल्या प्रारणाच्या मोजणीवरून त्याचा काळ ठरवता येतो. किल्लारीच्या त्या चरातही भ्रंशाच्या पूर्वीच्या हालचालीच्या खुणा मिळाल्या. भूमी शांत नव्हती. आपले वाचन अपुरे होते.

भूस्तरांच्या वाचनाची ही विद्या हिमालयाच्या पायथ्याशी अधिक फळली आहे, कारण तेथे भारतीय भूखंड दरसाल अठरा-वीस मिलिमीटर या गतीने पर्वताखाली दाबला जातो आणि भ्रंश हजारांऐवजी शेकड्यांच्या हिशेबात जागे होतात. १९३४ च्या बिहार-नेपाळ भूकंपाचा भ्रंश भूपृष्ठापर्यंत पोहोचलाच नव्हता, असे मत कित्येक दशके रूढ होते. नेपाळच्या तराईलगत खोदलेल्या चरांनी २०१३ च्या सुमारास ते खोडून काढले, आणि त्याच जागी १२५५ सालच्या भूकंपाचीही खूण दाखवली.

महाराष्ट्राची अडचण अशी की येथील बहुतेक भ्रंश बेसाल्टच्या झाकणाखाली दडलेले आहेत. किल्लारीला भूकंपानंतर छिद्र पाडले तेव्हा हे झाकण ३३८ मीटर जाडीचे निघाले. कोयनेच्या बाजूस ते एक किलोमीटरच्याही वर भरते. तेव्हा भ्रंशाकडे स्वतः जाण्यावाचून गत्यंतर नाही, असे ठरून केंद्र सरकारच्या पृथ्वीविज्ञान मंत्रालयाने कराडजवळ हजारमाची येथे खास प्रयोगशाळा स्थापन केली, आणि २०१७ साली कोयना खोऱ्यातील गोठणे येथे सुमारे तीन किलोमीटर खोलीचे पथदर्शी छिद्र पूर्ण झाले. सव्वा किलोमीटरभर काळा पाषाण छेदून गेल्यावर, मध्ये गाळाचा थर न लागता, एकदम अडीच अब्ज वर्षांहून प्राचीन असा ग्रॅनाइटी पाया लागला, आणि त्या पायातही भेगाळलेले, पाण्याला वाट देणारे पट्टे आढळले. जलाशयाचे पाणी एवढ्या खोल पोहोचते कसे, या जुन्या शंकेचे काहीएक उत्तर त्या पट्ट्यांत आहे. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीकडे जी कंपनांची मालिका सुरू झाली, तिच्या मुळाशी जाण्यासही ही कोयनेची शिदोरी उपयोगी पडावी.

‘पुढचा भूकंप कधी?’ हा प्रश्न वाचक प्रथम विचारतो, आणि शास्त्रज्ञ त्याला उत्तर देत नाहीत म्हणून त्यांच्यावर रुष्टही होतो. वस्तुतः ‘कोठे’ आणि ‘किती जोराने’ एवढ्याच दोन प्रश्नांची उत्तरे या शास्त्राच्या आवाक्यात आहेत, आणि घर बांधणाऱ्याला तेवढी पुरतातही. परंतु उत्तर मिळूनही ते अमलात येत नाही, याचे उदाहरण कच्छने दाखवले. १८१९ च्या भूकंपात तेथे ‘अल्ला बंड’ नावाचा ऐंशी-नव्वद किलोमीटर लांबीचा बांध भूमीतून वर आला होता. नकाशात कच्छ सर्वांत वरच्या पाचव्या विभागातच होते. म्हणजे २६ जानेवारी २००१ च्या सकाळी नकाशाची चूक काढण्यास जागा नव्हती. तरीही भुज, भचाऊ आणि अंजार उद्ध्वस्त झाले, आणि शेकडो किलोमीटर दूरच्या अहमदाबादेत, तळमजला मोटारी ठेवण्यासाठी नुसत्या खांबांवर मोकळा सोडलेल्या कित्येक बहुमजली इमारती बसल्या.

२००२ साली नकाशा पुन्हा बदलला. पहिला विभाग रद्द झाला आणि लातूर तिसऱ्या विभागात आले. किल्लारीनंतर नऊ वर्षांनी. दगडमातीच्या भिंती कशा बांधाव्यात याची मार्गदर्शिका मात्र त्याआधीच तयार झाली होती: भिंतीची जाडी साडेचारशे मिलिमीटरहून अधिक नसावी, उंचीत दर सहाशे मिलिमीटरला आणि लांबीत फार तर १.२ मीटरच्या अंतराने आरपार दगड घालावा, दारेखिडक्यांच्या माथ्यावरून सर्व भिंतींना बांधणारा अखंड पट्टा फिरवावा. गवंड्याला एका बैठकीत समजावे आणि गरिबालाही परवडावे असे हे नियम आहेत. त्या मार्गदर्शिकेवर प्रकाशनाचे वर्ष छापलेले आहे, ते १९९३.