एक क्वेरी, पाच बोली

‘महाराष्ट्र’ हा शब्द डेटाबेसमध्ये किती जागा घेतो? म, ह, काना, र, काना, ष, पायमोड, ट, पायमोड, र अशी ही १० चिन्हे. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे एकूण ३० बाइट. आता कॉलमची लांबी ३० ठरवली, तर पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस चिन्हे मोजतो. आणखी २० चिन्हांना जागा उरते. ओरॅकलचा व्हारचार-२ कॉलम मात्र, वेगळे सांगितले नसेल तर, बाइट मोजतो. तिथे ‘महाराष्ट्र’ लिहिताच तो काठोकाठ भरतो.

खरे तर दोघांची भाषा एकच, एसक्यूएल. आयबीएमच्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी ती १९७४ मध्ये मांडली. तिचे अमेरिकेतले पहिले प्रमाण आले १९८६ मध्ये. तोवर ओरॅकल बाजारात येऊन सात वर्षे उलटली होती आणि ज्याच्या त्याच्या सवयी पक्क्या झाल्या होत्या.

या सवयी सांभाळण्याचे काम ओआरएम नावाच्या लायब्रऱ्या करतात. प्रोग्रामर आपल्या भाषेत ‘वाचक’ अशी वस्तू लिहितो. तिचे टेबल करणे, नोंदी आणणे हे लायब्ररी पाहते. जावाच्या हायबरनेटमध्ये प्रत्येक डेटाबेससाठीच्या भागाचे नावच ‘डायलेक्ट’, म्हणजे बोली आहे. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत जन्मलेली, २००५ मध्ये सर्वांना खुली झालेली पायथॉनची जँगो पाच डेटाबेस सांभाळते: पोस्टग्रेएसक्यूएल, मारियाडीबी, मायएसक्यूएल, ओरॅकल आणि एसक्यूलाइट. ओरॅकलवर ती मजकुरासाठी एनव्हारचार-२ हा प्रकार निवडते. तो बाइट मोजत नाही, त्यामुळे मराठी नावांची वर सांगितलेली अडचण येत नाही.

शब्दांचा फरक असा निभावून नेता येतो. यादीचे दुसरे पान हवे असेल, तर एका डेटाबेसला ‘लिमिट’ म्हणायचे, दुसऱ्याला ‘फेच फर्स्ट’.

अर्थाचा फरक मात्र चिवट असतो. वाचकाला मधले नाव नाही आणि ते आपल्याला माहीत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी. पण ओरॅकल रिकाम्या मजकुराला ‘नल’च, म्हणजे ‘माहीत नाही’च मानतो, त्यामुळे हा भेद तिथे पुसला जातो. एसक्यूलाइटमध्ये इंग्रजी मजकुराचा तुकडा शोधताना मोठ्या-लहान लिपीचा भेद पाळायला जँगोला सांगितले, तरी तो पाळला जात नाही. ही मर्यादा जँगोच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहून ठेवली आहे, आणि प्रोग्रामरच्या दृष्टीने हा प्रामाणिकपणा फार मोलाचा आहे.

म्हणूनच जँगोत प्रत्येक डेटाबेससाठी ‘फीचर्स’ नावाची फाइल असते. कोणाला काय जमते, काय नाही, याची ती नोंदवही. चाचण्या चालताना ती पाहिली जाते आणि जे जमत नाही त्याची चाचणी तिथे वगळली जाते. नोंदी मात्र सतत तपासाव्या लागतात. टेबलात ‘होय-नाही’ साठवण्याचा स्वतंत्र प्रकार ओरॅकलमध्ये आला तो थेट २०२३ मध्ये. तोवर जँगो तिथे १ आणि ० हे आकडे ठेवून काम भागवत होती.