जिभेखालचे दाणे

झांबियाचा पूर्व प्रांत, सिंदा जिल्हा. आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात चाळिशीच्या एक बाई बसल्यात. उजव्या हातावर कोपरापर्यंत भाजल्याचा ओढलेला, चकचकीत व्रण. न्शिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट लगदा, घोटताना फिट आली आणि त्या चुलीवरच कोसळल्या. शेजारी धावत आले, पण कुणी हात लावेना. तोंडातला फेस लागला की दुखणं आपल्यालाही चिकटतं, ही भीती.

"अमाई, डुकराचं मांस खाता?" क्लिनिकल ऑफिसर विचारतो.

बाई रागावतातच. त्या ॲडव्हेंटिस्ट, त्यांच्या पंथात डुक्कर वर्ज्य. ऑफिसरला हे उत्तर नवं नाही. अर्धकच्चं मांस खाणाऱ्याच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो, आणि त्याला बहुधा पत्ताही नसतो. मेंदूत फिट आणणाऱ्या गाठी होतात, त्या मात्र या कृमीची अंडी पोटात गेल्यानं. शौचाहून आलेल्या कुणाच्या तरी न धुतलेल्या हातातून, पाण्यातून. आपल्याकडच्या पक्क्या शाकाहारी पेशंटच्या स्कॅनमध्येही या गाठी दिसतात, त्या अशाच. हा रोग जिथं मुरलाय तिथल्या अपस्माराच्या सुमारे 30 टक्के रुग्णांमागे हेच कारण असतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

तो कार्बामाझेपिन लिहून देतो. गाठी मारणारं अल्बेंडाझोल मात्र नाही. गाठ मरताना मेंदूला सूज येते, फिट्स वाढू शकतात. आधी स्कॅन हवा. त्यासाठी लुसाका गाठायचं, शेकडो किलोमीटर.

दुपारी मी त्या बाईंच्या घरी पोचतो तर मुलगा पाळलेलं डुक्कर विकायला काढतोय. घराला संडास नाही. मागच्या झुडपांत माणसं जातात, त्यांच्या मागोमाग डुकरं. व्यापारी डुकराच्या मानेवर गुडघा रोवतो, जबड्यात आडवी काठी घालतो आणि फडक्यानं जीभ धरून बाहेर ओढतो. जिभेखाली बोट फिरवून म्हणतो, "आहेत." मीही चाचपतो. कातडीखाली तांदळासारखे टणक दाणे, याच कृमीच्या गाठी. जिभेला काही लागलं नाही म्हणून जनावर निरोगी, असंही नाही.

याच्यावर डुकरांसाठी लस आहे, आपल्या हैदराबादेत बनते. पण टोचलेल्या डुकराला इथं चार पैसे जास्त कोण देणार?

भाव निम्म्यावर येतो. मुलगा शाळेच्या फीचं सांगतो, व्यापारी थोडा वर सरकतो, सौदा ठरतो. ओरडणारं डुक्कर सायकलच्या कॅरियरवर आडवं आवळलं जातं.

"हे मांस पुरून टाकणार ना?" मी विचारतो.

"पुरायला पैसे मोजले का मी?" तो पायडल मारतो. "तळलं की कुणाला कळतंय!"