आजारपणाच्या दिवसांचा पगार

नवी नोकरी लागली की नियुक्तिपत्रात रजांचा तक्ता असतो. सीएल इतक्या, एसएल इतक्या, पीएल इतक्या. तो पाहून बहुतेकांचा समज होतो की आजारपणाची भरपगारी रजा सरकारनेच कायद्याने ठरवून दिली आहे. प्रत्यक्षात महाराष्ट्रातली दुकानं, हॉटेलं, खासगी कार्यालयं यांना लागू असलेल्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आजारपणाची अशी वेगळी रजाच नाही. तक्त्यातली एसएल ही कंपनीने दिलेली असते. कायदा देतो ती वर्षाला आठ दिवसांची नैमित्तिक रजा. ती दर तीन महिन्यांनी थोडी थोडी जमा होते आणि वर्षात वापरली नाही तर बुडते. शिवाय वर्षात 240 दिवस काम भरलं तर दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा मिळते, आणि ती 45 दिवसांपर्यंत साठवता येते.

म्हणजे मुलाच्या शाळेतली पालकसभा, गावाकडचं वर्षश्राद्ध, बँकेतलं केवायसी आणि स्वतःचा डेंग्यू, हे सगळं त्या आठ दिवसांत बसवायचं. डेंग्यू एकटाच आठ दिवस खातो. कागल ओलांडून कर्नाटकात गेलं की तिथला 1961 चा दुकान कायदा आजारपण, अपघात किंवा तशाच रास्त कारणासाठी वर्षाला 12 दिवसांची भरपगारी रजा देतो, तीही वार्षिक रजेच्या जोडीला. आपल्या कायद्यात आजारपण हा शब्द यावा, एवढी मागणीही इथे कोणी लावून धरलेली दिसत नाही. 2017 च्या कायद्याने हे आठ दिवससुद्धा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच लागू केले होते, आणि ही मर्यादा 20 वर नेण्याला राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2025 मध्ये मंजुरी दिली. चौकातल्या मेडिकल दुकानातला पोऱ्या, साडीच्या दुकानातली सेल्सगर्ल, झेरॉक्सवाल्याकडचा मुलगा यांचं आजारपण मालकाच्या मर्जीवर सोडलेलं आहे.

आजारी माणसाला घरी बसून पैसे मिळावेत, असा रीतसर विचार करणारी एक जुनी व्यवस्था मात्र आपल्याकडे आहे: राज्य कामगार विमा, म्हणजे ईएसआय. दुसरं महायुद्ध चालू असताना प्रा. बी. पी. अडारकर यांच्यावर औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचं काम सोपवलं गेलं. त्यांचा अहवाल 1944 मध्ये आला. तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. त्यातून 1948 चा कायदा झाला आणि 1952 च्या फेब्रुवारीत कानपूर आणि दिल्लीत योजनेची सुरुवात झाली.

गिरणगावात वाढलेल्या पिढीला विम्याचा दवाखाना नीट ठाऊक होता. आजच्या तरुण कामगाराला पगाराच्या पावतीवर ईएसआयची कपात दिसते, पण ती कशासाठी हे कोणी सांगितलेलं नसतं. म्हणून हिशेबच मांडून पाहू. पगार महिना 18,000. कामगाराचा वाटा पाऊण टक्का, म्हणजे 135 रुपये. मालकाचा सव्वातीन टक्के, म्हणजे 585 रुपये. सहा महिन्यांच्या वर्गणी काळात किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर पुढच्या लाभकाळात आजारी पडल्यावर सरासरी रोजाच्या 70 टक्के रक्कम मिळते. रोज 600 धरला तर दिवसाला 420. वर्षाला 91 दिवसांपर्यंत. क्षयरोग, कर्करोग अशा ठरावीक 34 दीर्घ आजारांत, पुरेशी सेवा झालेली असेल तर, 80 टक्के दराने दोन वर्षांपर्यंत. आजारपणाचा लाभ चालू असताना मालकाने कामगाराला काढू नये, शिक्षा करू नये, हेही 1948 सालीच कायद्यात लिहून ठेवलं गेलं. हे मला त्या कायद्यातलं सर्वांत माणुसकीचं वाक्य वाटतं.

यात एक खाच आहे. आजारपणाचे पहिले दोन दिवस हा लाभ मिळत नाही. पंधरा दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडलात तरच ती अट सुटते. सात दिवस व्हायरलने झोपून काढले तर पाच दिवसांचे 2,100 रुपये हातात येतात, आणि दोन दिवस नैमित्तिक रजेत टाकले तर त्यांचा पगार मालकाकडून सुटतो. एकाच दिवसाचा पगार आणि विमा दोन्ही घेता येत नाहीत. डॉक्टरचा दाखलाही विम्याच्या दवाखान्यातला लागतो. गल्लीतल्या डॉक्टरकडे आधी धावलं आणि आठव्या दिवशी दवाखान्याची आठवण झाली, की गेलेल्या दिवसांचा दाखला मिळवताना पायपीट होते. म्हणून ताप चढला त्याच दिवशी तिथे जावं, नोंद करावी.

दुसरी अडचण ठेकेदाराची. ठेका बदलला की नवा ठेकेदार नवा विमा क्रमांक काढतो आणि जुन्या वर्गणीचा धागा तुटतो. खरं तर एकच क्रमांक आयुष्यभर चालतो. नव्या जागी तोच सांगायचा. कापलेली वर्गणी भरली की नाही, हे ईएसआयसीच्या संकेतस्थळावर आपल्या क्रमांकाने पाहता येतं. ठेकेदाराने ती बुडवली तर मूळ कंपनी जबाबदार असते, आणि हे कंपनीच्या गेटवरच्या सुरक्षारक्षकापासून हाउसकीपिंगच्या बायकांपर्यंत सगळ्यांना माहीत असायला हवं.

तिसरी अडचण सर्वांत मोठी. ईएसआयची पगारमर्यादा 2017 पासून 21,000 वर थांबलेली आहे. या काळात घरभाडं, डाळी, शाळेच्या फिया कुठे गेल्या ते घरोघरी माहीत आहे. पगार 22,000 झाला की वर्गणी काळ संपताच माणूस योजनेबाहेर पडतो. हजार रुपयांची बढती घेताना तो 91 दिवसांची हमी गमावतो आणि त्याच्या वाट्याला तेच आठ दिवस उरतात. ही मर्यादा महागाईशी जोडून आपोआप वाढायला हवी. आठ-आठ वर्षं तशीच ठेवणं हा कामगारावरचा उघड अन्याय आहे. केंद्राने 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रमसंहिता लागू केल्या. त्यांत वार्षिक रजेसाठी 240 ऐवजी 180 दिवसांचं काम पुरेसं मानलं, हे चांगलंच झालं. पण ती वार्षिक रजा आहे, आजारपणाची नव्हे.

सरकारी नोकराला वर्षाला वीस दिवस अर्धवेतनी रजा मिळते आणि वैद्यकीय दाखल्यावर ती परिवर्तित करून पूर्ण पगारही घेता येतो. त्याचा कोणी हेवा करू नये. ते इतरांना का नाही, हे विचारावं.

कारण उरलेल्यांची गत फार वेगळी आहे. पुण्यात 1980 साली मोलकरणींनी संप केला, त्याची ठिणगीच आजारपणामुळे कामावर येऊ न शकलेल्या बाईला काढून टाकल्यावरून पडली होती. त्यातून संघटना उभी राहिली, पुढे 2008 मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आला, तरी आजारपणाचा भरपगारी दिवस त्या बायकांना अजून कायद्याने मिळालेला नाही. हा लेख वाचणाऱ्या कित्येक घरांत भांडी-धुणं करायला बाई येते. तिचे तापाचे दिवस पगारातून कापायचे नाहीत, हे ठरवायला कुठल्याही अध्यादेशाची गरज नाही.

ऊसतोडीत तर आजारी माणूसच पैसे भरतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि एखादा दिवस फडात गेलं नाही की खाडा. त्याचे पैसे उचलीवर चढतात. बीडच्या ऊसतोड बायकांनी मोठ्या संख्येने गर्भाशयं काढून घेतल्याचं उघड झालं, तेव्हा 2019 मध्ये आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाळीच्या त्रासाने, अंगावरून जाण्याने पडणारा खाडा परवडत नाही, हे त्या शस्त्रक्रियांमागचं एक कारण म्हणून बायका सांगत आल्या आहेत. चार दिवस पडून राहण्याची सोय असती, तर त्यातल्या कितीजणींनी पोटावर सुरी चालवून घेतली असती?

ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी साखर कारखान्यांकडून गाळपाच्या दर टनामागे दहा रुपये घ्यायचे, असं राज्याने ठरवलेलं आहे. चांगल्या हंगामात राज्यात दहा कोटी टनांच्या आसपास ऊस गाळला जातो, म्हणजे कारखान्यांचाच वाटा शंभर कोटींच्या घरात जातो. त्यातून हंगामात प्रत्येक कोयत्याला ठरावीक आजारपणाचे दिवस भरून द्यावेत, आणि आजारपणाचा खाडा उचलीवर चढवायला मुकादमाला बंदी असावी. पुढच्या मजुरी कराराच्या वेळी साखर संघ आणि कामगार संघटना समोरासमोर बसतील, तेव्हा टनाच्या दराइतकीच ही मागणीही कागदावर यायला हवी.