युरोपची समूहसहल : वेळेचे गणित

पंधरवड्यात पॅरिस, ल्यूसर्न, व्हेनिस, रोम अशी शहरे पाहायची, तर सर्वांत मोलाची गोष्ट ठरते ती वेळ. टूर मॅनेजर सकाळी घाई करतो, त्यामागे कायद्याचे कारण असते. युरोपीय महासंघाच्या नियमांनुसार बसचालकाने साडेचार तास गाडी चालवल्यानंतर एकूण ४५ मिनिटांची विश्रांती घेणे बंधनकारक आहे. दिवसाला साधारणपणे ९ तासच गाडी चालवता येते आणि टॅकोग्राफ या उपकरणात त्याची नोंद होत राहते. मोठ्या बसचा वेगही ताशी १०० किलोमीटरपर्यंत मर्यादित केलेला असतो. त्यामुळे एका पर्यटकाने केलेला उशीर पुढे भरून निघत नाही. संध्याकाळचे एखादे स्थळ सर्वांनाच गमवावे लागू शकते.

यासाठी सामान रात्रीच आवरून ठेवावे. बसमधून उतरताना परत जमण्याची जागा आणि वेळ लिहून घ्यावी. हॉटेलचे कार्ड खिशात असावे. नेहमीची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातील बॅगेत ठेवावीत. पासपोर्ट मात्र अंगावरच बाळगावा आणि त्याची छायाप्रत वेगळी ठेवावी. तो हरवल्यास भारतीय दूतावासाकडून आपत्कालीन प्रमाणपत्र मिळू शकते. पण ते केवळ मायदेशी परतण्यासाठी असते. पुढची शहरे मग पाहायची राहून जातात.

शिस्त पाळणाऱ्या समूहालाच शहरांत निवांतपणे फिरायला अधिक वेळ मिळतो.