निदानानंतर लगेच काय?

स्वमग्नतेचं निदान झालं, तरी मूल कालचंच आहे. कुकरच्या शिट्टीला ते किंचाळत असेल तर आधी सांगा, ‘आता तीन शिट्ट्या होतील.’ कानांवर हात ठेवायला त्याला वेळ मिळतो. रागावण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

मग कागदपत्रं. ऑनलाइन अर्ज आणि सरकारी रुग्णालयातल्या तपासणीनंतर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं ओळखपत्र, मिळतं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ दिव्यांगत्वांत स्वमग्नता आहे. दाखल्यावर किमान ४० टक्के दिव्यांगत्व असेल तर ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण हा हक्क आहे, उपकार नव्हे. शाळेत तसंच ठणकावून सांगा. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामया’ आरोग्य विम्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण असतं, थेरपीचाही काही खर्च मिळतो. अठराव्या वर्षानंतर गरज पडल्यास कायदेशीर पालकत्वाचा अर्ज याच ट्रस्टच्या जिल्ह्यातल्या स्थानिक समितीकडे करायचा.