जुना फिल्म कॅमेरा घेताय? आधी विकायचा भाव लिहा, मग घ्यायचा

जुन्या फिल्म कॅमेऱ्यांच्या धंद्यात पैसा अडकतो तो घेतानाच. फुजीचा जीएसडब्ल्यू 690 थ्री घ्या. लेन्स 65 मिलिमीटर, फ्रेम सहा बाय नऊ, 120च्या रोलवर फक्त 8 फोटो. साध्या 35 एमएम कॅमेऱ्यावर 28ची लेन्स लावल्यावर जेवढं दिसतं, साधारण तेवढं रुंद चित्र. बॅटरी नाही, मीटर नाही, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स जळायची भीतीही नाही.

पण लेन्स बदलता येत नाही, बॉडीलाच पक्की. लेन्स गेली की कॅमेरा गेला. म्हणून आधी टॉर्च मारा. पुढून, मागून, तिरका. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. मुंबई-कोकणात एक पावसाळा बंद कपाटात काढलेला कॅमेरा असेल तर ही तपासणी दोनदा करा. समोरच्या काचेवरचा बारीक ओरखडा एकवेळ चालेल, मागच्या काचेवरचा नको.

तळाशी एक काउंटर असतो. त्यावरचा आकडा गुणिले दहा. 050 म्हणजे सुमारे 500 फोटो, 60-62 रोल. विकणारा हा आकडा कौतुकाने दाखवतो. मी त्यावर फार जात नाही. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या शटरचं ग्रीस सुकतं आणि एक सेकंद, अर्धा सेकंद हे स्पीड अडकतात. प्रत्येक स्पीडवर क्लिक करून ऐका. लांबच्या टॉवरवर फोकस करा, व्ह्यूफाइंडरमधल्या दोन प्रतिमा नीट एकावर एक बसल्या पाहिजेत.

आता भाव. ऑनलाइन 'मागितलेला' भाव बघून हुरळू नका, 'विकला गेलेला' भाव बघा. समजा तो 90 हजार आहे. तुमचा नफा 15 हजार, सर्व्हिसिंगसाठी बाजूला 10 हजार. उरले 65. यात कॅमेरा, कुरिअर आणि जपानहून मागवत असाल तर कस्टम ड्युटी, सगळं बसवायचं. (हे आकडे हिशोब समजावा म्हणून घेतलेत, बाजारभाव म्हणून वापरू नका.) समोरचा नुसत्या कॅमेऱ्याचे 60 मागतोय? मग सोडून द्या, कितीही चकचकीत असला तरी. ड्युटीचा आकडा कस्टम एजंटकडून ऑर्डरच्या आधी लेखी घ्या.

आणि हो, गिऱ्हाईक मोजकं असतं. माल तीन-चार महिने पडून राहू शकतो. उसन्या पैशाने घेणार असाल तर तेवढ्या महिन्यांचं व्याजही त्या 65मधूनच वजा करा.