मॅग्डाबाईंच्या चित्रांतली मुंबई

१२ फेब्रुवारी १९५१. मुंबईत एका प्रदर्शनाची सगळी तयारी झाली होती. उद्घाटनाला काही तास उरले असताना चित्रकर्तीच गेली. चित्रं पाहायला निघालेले लोक हळहळतच आत शिरले असणार.

मॅग्डा नाखमन यांचा जन्म १८८९ सालचा, सेंट पीटर्सबर्गचा. वडील ज्यू, आई जर्मन वंशाची. तरुणपणी त्या लेओन बाक्स्त यांच्याकडे शिकल्या, १९१३ साली त्यांनी कवयित्री मरीना त्स्वेतायेवाचं व्यक्तिचित्र रंगवलं. क्रांतीनंतर मॉस्कोत त्यांची गाठ एम. पी. टी. आचार्य या मद्रासच्या क्रांतिकारकाशी पडली. १९२० साली ताश्कंदला कम्युनिस्ट पक्ष काढणाऱ्यांत आचार्य होते, पुढे ते अराज्यवादी झाले. लग्न करून १९२२ साली दोघं बर्लिनला आली. हिटलर सत्तेवर आल्यावर तिथूनही निघावं लागलं. स्वित्झर्लंडमार्गे १९३६ साली मॅग्डाबाई मुंबईत पोचल्या. गिरगाव चौपाटीच्या वर, वाळकेश्वरला या जोडप्याचा संसार होता, आणि तो कायम ओढगस्तीचा.

त्यांच्या मागंपुढं आणखीही माणसं आली. ज्यू मुळांमुळे जर्मनी सोडलेले रूडी फॉन लेडन १९३३ साली आले; भूगर्भशास्त्रात डॉक्टरेट, पण मुंबईत नाव झालं कलासमीक्षक म्हणून. व्हिएन्नाचे वॉल्टर लँगहॅमर पत्नी केटे ज्यू असल्यामुळे १९३८ साली आले. औषधांच्या धंद्यातले श्लेसिंगर चित्रं विकत घेऊ लागले. नर्तकी हिल्डे होल्गर १९३९ साली आल्या.

लँगहॅमरांच्या नेपियन सी रोडवरच्या घरी तरुण चित्रकार जमत. रझा तिथं शिकले. लहानपणी घरातून पळून येऊन मुंबईत घरगडी म्हणून राबलेल्या आरांच्या पाठीशी लेडन उभे राहिले. १९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप निघाला, त्याला हा आधार होता. त्याआधी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, लँगहॅमरांच्याच व्हिएन्नाच्या फ्रीडल डिकर-ब्रँडाइस तेरेझीनच्या छावणीत कोंडलेल्या ज्यू मुलांना चित्रं काढायला शिकवत होत्या. १९४४ साली त्यांना आउशविट्झला मारलं. मुलांची साडेचार हजारांच्या आसपास चित्रं मात्र दोन सुटकेसांत उरली. त्यांत घरं आहेत, फुलं आहेत, मागं राहिलेलं अंगण आहे.

मॅग्डाबाईंनी ते अंगण रंगवलं नाही. निदान मुंबईतलं त्यांचं जे काम डोळ्यांखालून गेलं, त्यात बर्फ नाही, बर्लिनची भीती नाही. आहेत त्या इथल्या बाया, कष्टकरी, नाचणाऱ्या मुली. हे विसरणं होतं, असं मला वाटत नाही. दोनदा सगळं मागं टाकून आलेली बाई दारावरच्या माणसाला समोर बसवते, त्याच्या गालाच्या हाडावर, डोक्यावरच्या पदराच्या घडीवर तासन्‌तास नजर ठेवते, त्या नजरेतच तिचं सारं मागचं आयुष्य आहे. दीड वर्षाचा असताना आई गमावलेल्या चित्रकार हुसेननं अनेकदा बायांना चेहराच दिला नाही. मॅग्डाबाईंनी नेमके चेहरे धरून ठेवले. दोन्ही वाटा गमावलेल्या माणसांच्याच आहेत.

आचार्य १९५४ साली मुंबईतच वारले. चित्रं पांगली. काही विकली गेली, काही कुणाकुणाच्या घरी राहिली. गिरगावात, दादरला, परळला जुन्या घरातला माळा झाडताना एखादं धुरकटलेलं व्यक्तिचित्र हाती लागलं, तर रद्दीत घालण्याआधी कोपऱ्यातली सही ओल्या बोळ्यानं न पुसता उजेडात धरून वाचा. नाखमन असं दिसलं, तर ते जपा.